चाळीतला कांदा आणि कंपनीची रोकड

आमच्या कॉलनीत नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले काका राहतात. मशीनवर पस्तीस वर्षं काढली आणि बोनसच्या पैशातून जमेल तसे आठ-दहा कंपन्यांचे शेअर घेऊन ठेवले. सप्टेंबर २०२५ मध्ये इन्फोसिसनं जाहीर केलं की कंपनी स्वतःचेच १८,००० कोटी रुपयांचे शेअर १,८०० रुपये दरानं परत घेणार. महिनाभरानं बातमी आली की प्रवर्तक मंडळी, म्हणजे कंपनी उभी करणारे आणि त्यांचे कुटुंबीय, त्यात आपले शेअर देणार नाहीत. काका पेपर हातात घेऊनच घरी आले. "एवढा पैसा पडून होता तर सरळ वाटून टाकायचा. स्वतःचेच शेअर काय घेतात? आणि मालकच देत नाहीत, म्हणजे त्यात काहीतरी असणार. तू अकाउंट्सवाला ना, सांग मला."

मी नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीत एका जॉबवर्क करणाऱ्या युनिटचे हिशेब अठरा वर्षं लिहिले. शेअर बाजाराचा तज्ज्ञ मी नाही, पण पैसा कंपनीत कुठून येतो आणि कुठे अडकतो ते जवळून पाहिलं आहे. काकांना दोन संध्याकाळी जे सांगितलं, तेच इथे लिहितो आहे.

सोसायटीची सभा आठवा

गावच्या विकास सोसायटीत सभासद असतात, ते संचालक निवडून देतात आणि रोजचं काम सचिव बघतो. कंपनीतही रचना तीच आहे. भागधारक म्हणजे सभासद, संचालक मंडळ निर्णय घेतं आणि व्यवस्थापन काम चालवतं. कोणी कोणाच्या वतीनं निर्णय घ्यायचा, कोणी कोणाला जाब द्यायचा, याची जी घडी असते तिला कॉर्पोरेट गव्हर्नन्स म्हणतात. मी तिला पुढे नुसतं 'कारभार' म्हणेन.

सोसायटीची तिजोरी चेअरमनची नसते, हे गावातल्या शेवटच्या माणसालाही कळतं. कंपनीच्या बाबतीत मात्र आपण सहज "मालकाचा पैसा" म्हणून जातो. कायद्यानं कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती आहे. तिच्या खात्यातला पैसा तिचा. साठ टक्के शेअर असलेला प्रवर्तक त्या पैशाचा साठ टक्के मालक नसतो, तसेच दहा शेअर असलेले काकाही त्यातला वाटा उद्या जाऊन मागू शकत नाहीत. संचालक हे विश्वस्तासारखे. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १६६ त्यांना सांगतं की सगळ्या भागधारकांच्या एकत्रित हितासाठी, आणि कंपनी, कामगार, समाज व पर्यावरण यांचंही भलं बघून, प्रामाणिकपणे वागा. रोकडीचा प्रश्न या एका कर्तव्याची सगळ्यात अवघड परीक्षा आहे. यंत्र कुठलं घ्यायचं, हे तांत्रिक मत असू शकतं. पडून असलेला पैसा मात्र ज्याच्या हातात असतो त्याची नियत दाखवतो.

राखीव निधी म्हणजे रोकड नव्हे

काकांनी एका कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला आणि ताळेबंदातल्या 'राखीव निधी व अधिक्य' या ओळीवर बोट ठेवलं. "हे बघ, नऊशे कोटी पडलेत." इथे नव्वद टक्के लोक फसतात.

दिंडोरीच्या एखाद्या द्राक्ष बागायतदाराला विचारा, वीस वर्षांत किती कमावलं? तो म्हणेल, चाळीस लाख मागे टाकले. दाखव म्हटलं तर तो विहीर दाखवेल, पाइपलाइन, ठिबक, मांडव, ट्रॅक्टर दाखवेल. कमाई खरी आहे, पण तिच्या नोटा आता राहिलेल्या नाहीत. राखीव निधी म्हणजे असा न वाटलेल्या नफ्याचा आजवरचा जमाखर्च. तो पैसा शेडमध्ये, यंत्रात, गोदामातल्या मालात, गिऱ्हाइकाकडच्या थकबाकीत कधीच मुरलेला असतो.

रोकड बघायची तर ताळेबंदाच्या मालमत्तेच्या बाजूला जायचं. तिथे हातातली व बँकेतली शिल्लक असते, मुदत ठेवी असतात आणि चटकन मोडता येतील अशा म्युच्युअल फंडातली गुंतवणूक असते. या तिन्हींची बेरीज करायची आणि त्यातून कर्ज वजा करायचं. पाचशे कोटींची रोकड आणि सहाशे कोटींचं कर्ज असलेली कंपनी श्रीमंत नाही. मग आणखी एक वजाबाकी, जी अहवालात कोणी करून देत नाही: या पैशात दुसऱ्याचा पैसा किती? गिऱ्हाइकानं ऑर्डरसोबत दिलेली आगाऊ रक्कम कंपनीच्या खात्यात दिसते, पण तिच्या बदल्यात माल द्यायचा असतो. शेजाऱ्याचा कांदा आपल्या चाळीत ठेवला म्हणून तो आपला होत नाही. एवढं सगळं वजा करून जे उरतं, तीच मोकळी रोकड.

जाता जाता एक गैरसमज. कंपनी बाजारात आली म्हणजे तिच्याकडे पैसा आला असंही नाही. नाशिकची सुला विनयार्ड्स डिसेंबर २०२२ मध्ये ३५७ रुपये दरानं बाजारात आली. ती सगळी विक्री जुन्या भागधारकांनी केलेली होती. पैसा त्यांना मिळाला, कंपनीच्या तिजोरीत त्यातलं काही गेलं नाही. यात गैर काही नाही, पण अर्ज भरण्याआधी हे वाचायला हवं.

कांदा चाळीत का ठेवतात

उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलपासून निघतो. त्या वेळी लासलगावला ट्रॅक्टरच्या रांगा लागतात आणि भाव पडतो. म्हणून ज्याला जमतं तो चाळीत भरतो आणि दिवाळीपर्यंत थोडा थोडा काढतो. चाळीतला प्रत्येक महिना फुकट नसतो. वजन घटतं, सड लागते, मोड येतात. तरी शेतकरी ठेवतो, कारण त्याच्या मनात एक हिशेब असतो: इतका कांदा खर्चाला लगेच काढायचा, इतका मुलीच्या लग्नासाठी, इतका भावाची वाट बघायला.

कंपनीचंही तसंच. पहिली गरज रोजची. माल घेतल्यापासून गिऱ्हाइकाचा पैसा येईपर्यंत तीन-चार महिने जातात आणि त्या काळात पगार, वीजबिल, जीएसटी थांबत नाही. दुसरी गरज वाईट दिवसांची. मार्च २०२० मध्ये अंबड-सातपूरचे कारखाने एका रात्रीत बंद झाले. ज्यांच्याकडे तीन महिन्यांचा खर्च बाजूला होता त्यांनी माणसं सांभाळली. ज्यांची सीसी लिमिट, म्हणजे रोजच्या खर्चासाठी बँकेनं दिलेल्या कर्जाची मर्यादा, आधीच काठोकाठ होती त्यांनी कामगारांना गावी जायला सांगितलं, आणि लॉकडाऊन उठल्यावर त्यातले कसबी परत आलेच नाहीत. तिसरी गरज संधीची: शेजारचा प्लॉट विकायला निघाला, एखादं चांगलं यंत्र निम्म्या किमतीत मिळालं.

आता सड किती लागते ते बघा. कंपनीनं सात टक्क्यांनी मुदत ठेव केली, तर त्या व्याजावर कंपनीकर जातो. सवलती सोडून कमी दराची करप्रणाली घेतलेल्या कंपनीला तो सरचार्ज आणि सेससकट २५.१७ टक्के बसतो. हातात राहतात सव्वापाच टक्के. महागाई धरली तर फारसं काही उरत नाही. भागधारकानं मात्र धोका पत्करून शेअर घेतलेला असतो. त्याची अपेक्षा बँकेपेक्षा बरीच जास्त असते, बारा-तेरा टक्के म्हणू. या अपेक्षेला भांडवलाचा खर्च म्हणतात.

एक हिशेब करू. एका कंपनीचा धंदा १०० कोटींवर चालतो आणि त्यावर करानंतर २० कोटी मिळतात, म्हणजे वीस टक्के. तिनं आणखी १०० कोटी ठेवीत ठेवले, त्यावर सव्वापाच कोटी आले. एकूण २०० कोटींवर सव्वापंचवीस कोटी, म्हणजे साडेबारा टक्क्यांच्या आसपास. धंदा तोच, कामगार तेच, मशीनही तेच. फक्त चाळ भरून ठेवल्यामुळे कंपनी बऱ्याच कमी ताकदीची दिसायला लागली.

तिजोरी फुगलेली आणि व्हेंडर कोरडा

हा भाग मी काकांना जरा जास्त वेळ सांगितला, कारण तो मी भोगलेला आहे.

आमचं युनिट एका मोठ्या कंपनीला सुटे भाग द्यायचं. बिल पास व्हायला महिना, त्यानंतर नव्वद दिवस. मार्च-अखेरीला तर "ताळेबंद झाल्यावर बघू" असं उत्तर मिळायचं. तोवर आम्ही सीसीवर बारा टक्के व्याज भरून पगार करायचो. एकदा त्याच कंपनीचा अहवाल माझ्या हातात पडला. त्यात अध्यक्षांनी भक्कम रोख स्थितीबद्दल अभिमानानं लिहिलं होतं. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. त्या भक्कम रोकडीचा मोठा वाटा आमच्यासारख्यांच्या थकलेल्या बिलांएवढा होता. आमचा पैसा त्यांच्या मुदत ठेवीत व्याज मिळवत होता आणि त्याच पैशासाठी आम्ही बँकेला व्याज देत होतो.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लहान पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं. आयकर कायद्यातही २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तरतूद आली की सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं मुदतीत दिलं नाही तर त्या वर्षी तो खर्च वजावटीला धरता येत नाही. अंमलबजावणी अजून दुबळी आहे, कारण ऑर्डर जाईल या भीतीनं लहान उद्योजक तक्रारच करत नाही. पण भागधारकाला हे दिसू शकतं. ताळेबंदाच्या टिपांमध्ये लहान उद्योगांचं देणं वेगळं दाखवावं लागतं आणि ते किती जुनं आहे याचा तक्ताही द्यावा लागतो. रोकड मोठी आणि हा तक्ताही मोठा, असं दिसलं तर त्या रोकडीचं कौतुक करू नये, असं माझं ठाम मत आहे. चांगल्या कारभाराची पहिली पायरी म्हणजे देणं वेळेवर देणं. वाटपाचा विषय त्यानंतर.

पैसा जायच्या वाटा

मोकळी रोकड खरोखर उरली, तर वाटा मोजक्याच आहेत. धंदा वाढवायचा. कर्ज फेडायचं. दुसरी कंपनी विकत घ्यायची. लाभांश द्यायचा. किंवा शेअर परत घ्यायचे, म्हणजे बायबॅक. पहिल्या दोन वाटा सरळ आहेत: भांडवलाच्या खर्चापेक्षा जास्त कमाई होत असेल तर धंद्यात घाला, महाग कर्ज असेल तर फेडा. तिसरी वाट सगळ्यात धोक्याची, तिच्याकडे पुढे येतो.

लाभांश आपल्याला पतसंस्थेमुळे ओळखीचा आहे. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात संस्थेला निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो आणि लाभांशावर साधारण १५ टक्क्यांची मर्यादा असते. कंपनीला २०१३ च्या कायद्यानं असं बंधन ठेवलेलं नाही. किती ठेवायचं आणि किती वाटायचं हे मंडळ ठरवतं. मंडळानं सुचवलेला लाभांश सभा कमी करू शकते, पण सहसा वाढवू शकत नाही. म्हणून बाजारमूल्यानं वरच्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांनी आपलं लाभांश धोरण लेखी जाहीर केलं पाहिजे, असा सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे. २०१६ मध्ये तो पहिल्या ५०० कंपन्यांना होता, २०२१ मध्ये वाढवला. बहुतेक धोरणं इतकी गुळमुळीत लिहिलेली असतात की त्यातून काही हाती लागत नाही. तरी वाचावीत. एखादी कंपनी "नफ्याच्या इतके टक्के वाटू" असं आकड्यात लिहिते, तेव्हा तिला पुढे जाब विचारता येतो.

बायबॅकचं गणित

आता काकांचा मूळ प्रश्न. बायबॅकमध्ये कंपनी भागधारकांकडून शेअर विकत घेते आणि रद्द करते. खरेदी पूर्ण झाल्यावर सात दिवसांत ते नष्ट करावे लागतात. लाडूंची संख्या तेवढीच राहून ताटं कमी व्हावीत तसं, उरलेल्यांच्या वाट्याला जास्त येतं. मात्र त्यासाठी डब्यातले काही लाडू खर्च झालेले असतात, हे विसरायचं नाही.

समजा एका कंपनीचे एक कोटी शेअर आहेत आणि वर्षाचा नफा १२ कोटी, म्हणजे शेअरमागे १२ रुपये. तिच्याकडे ३२ कोटी मोकळे आहेत, ज्यावर करानंतर १ कोटी ६० लाख व्याज मिळतं. बाजारभाव १६० रुपये. तिनं ३२ कोटींत २० लाख शेअर घेतले. व्याज गेलं, नफा १० कोटी ४० लाख झाला, पण शेअर राहिले ८० लाख. शेअरमागे नफा १३ रुपये. राहिलेल्यांचं भलं झालं.

आता तोच व्यवहार ३२० रुपये दरानं करा. ३२ कोटींत फक्त १० लाख शेअर येतात. १० कोटी ४० लाख भागिले ९० लाख, म्हणजे ११ रुपये ५६ पैसे. आधी १२ होते. म्हणजे महाग भावात बायबॅक केलं तर राहिलेल्या भागधारकाच्या खिशातून पैसा निघून जाणाऱ्याला मिळतो. बायबॅक चांगलं की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या भावानं, ते विचारायचं.

गैरवापर होऊ नये म्हणून मर्यादा आहेत. भरणा भांडवल आणि मुक्त (लाभांश म्हणून वाटता येण्याजोगा) राखीव निधी यांच्या बेरजेच्या २५ टक्क्यांपर्यंतच बायबॅक करता येतं. त्यातलं दहा टक्क्यांपर्यंत मंडळाच्या अधिकारात, त्यापुढे विशेष ठराव, म्हणजे पडलेल्या मतांच्या तीन चतुर्थांश मतं बाजूनं लागतात. बायबॅकनंतर कर्ज भांडवल व राखीव निधीच्या दुपटीपेक्षा जास्त असता कामा नये. थेट देकार पद्धतीत, म्हणजे कंपनी ठरलेल्या दरानं भागधारकांकडून शेअर मागवते तेव्हा, लहान भागधारकांसाठी १५ टक्के जागा राखीव असते. दोन लाख रुपयांपर्यंतचे शेअर असलेला तो लहान भागधारक.

मग प्रवर्तकांनी शेअर का दिले नसतील? त्यांच्या मनातलं मी सांगू शकत नाही, पण परिणाम सांगता येतो. ते बाजूला राहिले की इतरांचे जास्त शेअर स्वीकारले जातात आणि त्यांचा स्वतःचा हिस्सा टक्केवारीत थोडा वाढतो. शिवाय १ ऑक्टोबर २०२४ पासून बायबॅकची रक्कम भागधारकाच्या हातात लाभांशासारखी करपात्र झाली होती. त्याआधी कर कंपनी भरायची. वरच्या करटप्प्यात असलेल्याला त्या नियमात फारसा फायदा उरला नव्हता. अर्थसंकल्पागणिक हे बदलतं, त्यामुळे देकाराचा फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीचा नियम आपल्या सीएकडून समजून घ्या. काका म्हणाले, "म्हणजे काळंबेरं नाही?" या एवढ्यावरून तरी नाही. प्रवर्तकांनी फुगलेल्या भावात आपलेच शेअर भरभरून कंपनीला विकले असते, तर मी जास्त सावध झालो असतो.

ओझरची गोष्ट

आतापर्यंत वाचून वाटेल की मोकळा पैसा वाटून टाकणं हेच पुण्य. त्याची दुसरी बाजू आपल्या जिल्ह्यातच आहे.

ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये मिग विमानांसाठी सुरू झाला. ही सरकारी कंपनी. सरकारी कंपन्यांनी नफ्याच्या ३० टक्के किंवा नक्त मालमत्तेच्या (देणी वजा करून उरणाऱ्या मालमत्तेच्या) ५ टक्के, यातला जास्त आकडा किमान लाभांश म्हणून द्यावा, असा २०१६ चा नियम होता. नंतर ५ चे ४ टक्के झाले. शिवाय बायबॅकही सुचवलं जातं. या कंपनीनं २०१५-१६ मध्ये चार हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेचे शेअर सरकारकडून परत घेतले आणि २०१७-१८ मध्ये पुन्हा बायबॅक केलं. त्याच काळात हवाई दलाकडची येणी थकत गेली. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी सांगितलं की हातातली रोकड उणे झाली आहे आणि जवळपास १,००० कोटी रुपये ओव्हरड्राफ्ट घ्यावा लागला. पगाराची चर्चा ओझर टाउनशिपमध्ये घराघरात चालली होती, मला चांगलं आठवतं.

कंपनी तोट्यात नव्हती. ऑर्डरही होत्या. पण नफा कागदावर, येणी गिऱ्हाइकाकडे आणि जुनी पुंजी आधीच वाटून झालेली. इथे भागधारक सरकार, गिऱ्हाईक सरकार आणि लाभांशाचा नियम करणारंही सरकार. अशा वेळी "कंपनीला स्वतःला किती लागेल?" हे ठासून विचारणारा आवाज मंडळात असावा लागतो. पुढे येणी वसूल झाली, कंपनी सावरली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकमध्ये बनलेलं पहिलं तेजस एमके-१ए लढाऊ विमान ओझरहून उडालं. अशी नवी उत्पादन साखळी उभारायला वर्षानुवर्षं पैसा आधी घालावा लागतो आणि परतावा मागून येतो. चाळ रिकामी करून ते जमत नाही.

पडून राहिलेल्या पैशाला पाय फुटतात

दुसरं टोक जास्त ओळखीचं आहे. १६ डिसेंबर २००८ ला हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सच्या मंडळानं ठरवलं की सुमारे १.६ अब्ज डॉलर खर्चून दोन बांधकाम कंपन्या घ्यायच्या. सॉफ्टवेअरवाल्यांना जमीन-बांधकाम कशाला? त्या कंपन्या सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबाशी निगडित होत्या. गुंतवणूकदार इतके खवळले की काही तासांत निर्णय मागे घ्यावा लागला. तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ ला, राजूंनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोकडीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. खोट्या रोकडीच्या जागी खरी मालमत्ता बसवण्याचा शेवटचा प्रयत्न म्हणजे तो व्यवहार होता. पुढे एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्रानं ती कंपनी घेतली.

यातून मी एक सवय लावून घेतली. रोकडीशेजारी तिच्यावरचं व्याज बघायचं. हजार कोटी ठेवी आहेत म्हणतात आणि वर्षाचं व्याज वीस कोटी दाखवतात, तर काहीतरी जुळत नाही. याचं साधं उत्तर असू शकतं, पैसा वर्षअखेरीलाच आला असेल. पण प्रश्न विचारायलाच हवा. आणि व्याज जुळलं म्हणून निर्धास्तही होऊ नये, कारण सत्यमनं व्याजाचे आकडेही खोटे रचले होते.

रोकड खरी असूनही ती कशी जाते, याचं उदाहरण कोरियातलं. सप्टेंबर २०१४ मध्ये ह्युंदाई समूहानं सोलच्या गंगनम भागात मुख्यालयासाठी जमीन १०.५५ लाख कोटी वॉनला घेतली. मूल्यांकनाच्या तिपटीहून जास्त. ह्युंदाई मोटरचा शेअर त्या दिवशी नऊ टक्क्यांच्या आसपास घसरला. फसवणूक नव्हती, सगळं उघड झालं. फक्त तिजोरी भरलेली होती आणि "नको" म्हणणारं कोणी नव्हतं.

"पण कंपनी प्रवर्तकानंच उभी केली ना?"

केली, आणि त्याचं मोल त्याला त्याच्या शेअरमधून मिळतं. बाहेरच्यांकडून भांडवल घेतलं त्या दिवशी त्यानं तिजोरीची किल्ली मंडळाच्या हाती दिली. म्हणूनच घरच्या दुसऱ्या कंपनीशी व्यवहार करताना लेखापरीक्षण समितीची मंजुरी लागते, आणि व्यवहार मोठा असेल तर भागधारकांची. त्या मतदानात संबंधित मंडळींना बाजूनं मत देता येत नाही. इतर कंपन्यांना कर्ज आणि गुंतवणूक देण्यावरही मर्यादा आहे. ती ओलांडायची तर विशेष ठराव लागतो. नोंदणीकृत कंपनीत किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र असावे लागतात. सत्यममध्ये तेही होते, नामांकित होते, आणि तरी त्यांनी त्या व्यवहाराला होकार दिला. नियमानं खुर्ची भरता येते. त्या खुर्चीवर बसून नाही म्हणण्याचं धाडस माणसाला स्वतः आणावं लागतं.

"कामगारांना का नको?"

हा प्रश्न काकांचाच, आणि तो मनापासून होता. पगार आणि बोनस नफा मोजण्याआधी जातात. कायद्यानं बोनस किमान ८.३३ आणि कमाल २० टक्के. त्याशिवाय ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. माझं स्वतःचं मत असं की कसबी माणूस टिकवणं ही धंद्यातलीच गुंतवणूक आहे आणि बऱ्याच मंडळांना ती दिसत नाही, कारण ताळेबंदात तिची ओळ नसते. २०२० नंतर ज्यांना चांगले टर्नर-फिटर मिळेनासे झाले त्यांना हे कळलं असेल.

"मग बफे का साठवून ठेवतात?"

काकांच्या मुलानं फोनवरून हे विचारलं. अमेरिकेतले नावाजलेले गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवे या कंपनीकडे २०२४ च्या अखेरीला सुमारे ३३४ अब्ज डॉलर रोकड आणि अल्पमुदतीचे सरकारी रोखे होते. आणि बफेंच्या काळात तिनं लाभांश दिला तो एकदाच, १९६७ मध्ये. पण पैसा का ठेवला आहे, कशाची वाट बघतो आहोत, स्वतःचे शेअर कोणत्या परिस्थितीतच परत घेऊ, हे बफे वर्षानुवर्षं भागधारकांना पत्रातून सांगत आले. साठा किती यापेक्षा तो कशासाठी आणि कधीपर्यंत, हे सांगितलेलं असणं मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडच्या अहवालात "भविष्यातील संधींसाठी" एवढेच दोन शब्द वर्षामागून वर्षं छापलेले दिसतात.

"आपल्या दहा शेअरना कोण विचारतं?"

एकट्या दहा शेअरना कोणी विचारत नाही, हे खरं. पण विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात आणि संबंधितांच्या व्यवहारात प्रवर्तक बाजूनं मत देऊ शकत नाहीत, अशा दोन ठिकाणी लहान मतं मोजली जातात. ई-मतदान मोबाइलवरून होतं, बऱ्याच सभाही आता व्हिडिओवर होतात. आधी नाव नोंदवलं तर बोलायला मिळतं आणि प्रश्न ई-मेलनं पाठवता येतो. आणि हो, लाभांश सात वर्षं उचलला नाही तर तो सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जातो, पुढे शेअरही जातात. काकांचे दोन कंपन्यांचे लाभांश जुन्या पत्त्यामुळे असेच अडकले होते. ते सोडवण्याचे अर्ज आम्ही आता भरतो आहोत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांनी ज्या अहवालात नऊशे कोटी दाखवले होते, तोच पुन्हा उघडला. या वेळी मालमत्तेची बाजू काढली, कर्ज वजा केलं, लहान पुरवठादारांच्या थकबाकीचा तक्ता शोधायला मात्र अर्धा तास लागला, कारण तो शंभराव्या पानापुढे बारीक अक्षरात होता. सभा पुढच्या महिन्यात आहे. त्यांनी वहीच्या पानावर प्रश्न लिहून मला टाइप करायला दिला: "आपल्याकडे २१० कोटींची मुदत ठेव आहे. लघुउद्योगांचं ४५ दिवसांपुढचं ३८ कोटी देणं का राहिलं आहे आणि ते कोणत्या तारखेपर्यंत देणार?" खाली नाव, फोलिओ नंबर, आणि कंसात "माजी कामगार, सातपूर".